कॅन्टीनच्या रांगेतलं इंग्रजी

चीनमधल्या एका विद्यापीठात मी इंग्रजी शिकवत होते. वर्गातल्या लिन नावाच्या मुलीला काही विचारलं की ती मान खाली घालायची. दोन महिने मी तिचा आवाजच ऐकला नव्हता.

एका दुपारी कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्या मावशींना मी हातवारे करून सांगत होते, मांस नको. त्या हसून आणखी वाढत होत्या. तेवढ्यात मागे उभी असलेली लिन त्यांच्याशी चिनीत बोलली आणि मला इंग्रजीत म्हणाली, "त्यांना वाटलं तुम्ही लाजताय. वांगी घ्या, पण तिखट आहेत."

"तिखट चालेल," मी म्हणाले. जेवताना तिला विचारलं, "मग वर्गात का बोलत नाहीस?"

"वर्गात तुम्हाला उत्तर आधीच माहीत असतं, मॅडम."

खरंच, ठाऊक असलेलं सांगण्यात कुणाला काय गंमत वाटणार?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "तुमच्याकडे थंडीत घरी काय काय करतात?" मला खरोखर ठाऊक नव्हतं. तास संपला तरी लिन आजीच्या कोबीच्या लोणच्याबद्दल चुकतमाकत सांगतच होती, आणि कुणीही जागचं उठलं नव्हतं.