काच बसली आणि भाऊ आत राहिला

तुमच्या घरात दोन माणसांचा अबोला असतो तेव्हा जेवताना मीठ कसं मागतात? तिसऱ्याकरवीच ना? "त्यांना म्हणावं, मीठ इकडे सरकवा." आणि 'ते' हाताच्या अंतरावर बसून सगळं ऐकत असतात, पण निरोप रीतसर आल्याशिवाय हलत नाहीत. हसू नका. आमच्याकडे असलं काही नसतं म्हणणाऱ्यांनी तर मुळीच हसू नका. तुमच्या शेजाऱ्यांना सगळं ऐकू जातं.

काचताईच्या दुकानात मात्र दोघांच्या मधे मीठ नव्हतं. गाडीची पुढची काच होती. आणि तसली दुसरी कुठे मिळेल याची काही आशा नव्हती.

काचताई गाड्यांच्या काचा बसवते. दुकान वडिलांचं, आता तिचं. मनगटं जाड, आवाज त्याहून जाड, नाकावर चष्मा. जगाच्या काचा लखलखीत करणाऱ्या या बाईचा स्वतःचा चष्मा कायम बोटांच्या ठशांनी बरबटलेला. कुणी पुसायला सांगितलं तर म्हणते, "मला दिसायचं ते दिसतं. तुम्ही तुमचं बघा." दुकानाच्या भिंतीवर तिने स्वतः रंगाने लिहिलंय, 'आमच्या हातून काच फुटत नाही'. ते वाचून गिऱ्हाइकाने नुसती भुवई उचलली तरी हिचं डोकं फिरतं. "का हो, खोटं वाटतं? आणा, असेल नसेल ती वाकडी गाडी घेऊन या!"

धाकटा भाऊ तिच्या हाताखाली काम करतो. 'हाताखाली' हा तिचा शब्द. तो 'बरोबरीने' म्हणतो. गल्लीत त्याला डबल म्हणतात, कारण तो बाकावर बसला की बाक संपतो. मनाने लोण्यासारखा, पण हट्टाला बहिणीचा सख्खा भाऊ.

दोघं दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतात. तिथल्या टीपॉयची काच तडकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिथून सगळं सुरू झालं. ताई म्हणाली, "तू तिच्यावर बसलास." डबल म्हणाला, "तू तिच्यावर उकळतं पातेलं ठेवलंस." दुसऱ्या कुठल्या घरात असतं तर कागदात गुंडाळून काच टाकून दिली असती आणि विषय संपला असता. पण इथे खाली भिंतीवर ते वाक्य होतं ना! ज्याने फोडली त्याच्या नावावर डाग. बूड की पातेलं, बूड की पातेलं, असं घर डोक्यावर घेऊन झाल्यावर डबल जिन्यात उभा राहून ओरडला, "आता जो आधी बोलेल, त्याने फोडली! ठरलं!"

ताईने तोंड मिटलं ते मिटलंच. त्या बाईला गप्प बसणं म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. गल्लीतली कुत्रीसुद्धा बावचळली.

अशात ड्रायव्हरकाका गाडी घेऊन आले. काकांनी जन्मभर बस चालवली. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरायला जातात. यांनी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, चपलेसारखी चपटी, दोनच माणसांची. "आयुष्यभर उंचावरून रस्ता बघितला, आता खालून बघतो," म्हणाले. खालून बघायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात पुढच्या ट्रकच्या चाकातून दगड उडाला. काचेवर कोळ्याचं जाळं.

त्या गाड्या बनवणं कधीच बंद झालंय. काकांनी कुठून कुठून विचारून, भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून, एक न वापरलेली काच मिळवली होती आणि घरची रजई गुंडाळून आणली होती.

"ताई, ही फुटली की गाडीत कोंबड्या पाळाव्या लागतील," काका म्हणाले.

ताईने भिंतीवरच्या वाक्याकडे बोट दाखवलं. काका समाधानाने खुर्चीत बसले.

आता असल्या जुन्या गाडीची काच बसवतात कशी, ते सांगतो, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. काचेभोवती जाड रबर असतं. रबराला खाच. त्या खाचेत दोरी फिरवायची, दोन्ही टोकं आतल्या बाजूला लोंबती ठेवायची. सगळ्याला साबणाचं पाणी. मग एकाने बाहेरून काच चौकटीवर दाबून धरायची आणि दुसऱ्याने गाडीत बसून हळूहळू दोरी ओढायची. दोरी निघत जाते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. पण बाहेरच्याने 'ओढ' म्हटलं की ओढायचं, 'थांब' म्हटलं की थांबायचं. नाहीतर काचेवर ताण येतो आणि कट्.

थोडक्यात, हे काम बोलणाऱ्या माणसांचं आहे.

जुनी काच निघाली. समोर नुसतं भगदाड. डबलने गाडीचं दार उघडलं, दाराच्या उंचीकडे बघितलं, स्वतःच्या पोटाकडे बघितलं, दार लावलं. मग तो बॉनेटवर रजई टाकून, भगदाडातून, पाय पुढे करून, बाजूच्या सीटवर उतरला. विहिरीत पोहरा उतरावा तसा.

ताईला लगेच दिसलं. काच बसली की हा बाहेर कुठून येणार? एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं. पण आधी बोललं की टीपॉय तिच्याच नावावर लागलं असतं. 'विचारेल,' ती मनात म्हणाली. 'विचारलं की सांगीन.'

आणि डबललाही कळलं होतं. सीटमध्ये रुतल्याबरोबरच कळलं होतं. 'सांगेल,' तो मनात म्हणत होता. 'गरज तिला आहे.'

दोघांनी एकमेकांकडे भगदाडातून बघितलं आणि काच मधे आली.

"काका," ताई म्हणाली, "आत बसलेल्या माणसाला सांगा, दोरी ओढा."

काकांनी आत बघितलं, ताईकडे बघितलं. बसमध्ये आयुष्य काढलेला माणूस. नवराबायकोची, सासूसुनेची, विळ्याभोपळ्याची सगळी भांडणं आरशात बघितलेली. ते उठून खिडकीशी गेले. "भाऊ, ताई म्हणतात, ओढा."

"त्यांना सांगा, ओढतोय."

"ओढतायत म्हणे."

"सांगा, बैलासारखं ओढू नको म्हणावं."

काका वाकले. "जरा हळू, म्हणतात. कौतुकाने म्हणतात."

"मी ऐकलं काय म्हणाली ते! सांगा, दाबणाऱ्याचं लक्ष काचेवर पाहिजे, माझ्यावर नको."

"ताई, भाऊ म्हणतात, तुमचा हात फार चांगला आहे."

अशी खालची बाजू बसली. एक कड बसली. दुसरी कड बसली. वरच्या कोपऱ्यात रबर दुमडलं आणि काच कुरकुरली, तेव्हा ताई "थांब, थांब, थांब" म्हणाली, पण काकांकडे तोंड करून. काका म्हातारे, खिडकीपर्यंत जाईपर्यंत दोरी आणखी वीतभर आली होती. तिने दुमडलेल्या रबराखाली अंगठा घातला, नख मागे वळलं, तरी शिवीसुद्धा दिली नाही. नुसते डोळे मोठे केले. रबर सटकन पत्र्यावर चढलं. शेवटची दोरी बाहेर आली. काच बसली. अशी बसली की जणू गाडी जन्मली तेव्हापासून तिथेच होती.

काकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने दोन्ही दारं उघडली, हात कमरेवर ठेवले आणि आकाशाकडे बघत उभी राहिली. काकांना म्हणाली, "आत बसलेल्यांना सांगा, काम झालं. बाहेर या."

आतून आवाज आला, "त्यांना सांगा, येतोय."

तो येत नव्हता. गुडघे छातीशी, पोट डॅशबोर्डला, सीट मागे सरकायची कळ गंजलेली. डोकं बाहेर काढलं की खांदे अडत, खांदे काढले की बाकीचं. काकांना मात्र जुना सूर सापडला. "सावकाश! उतरणाऱ्यांना वाट द्या! एका वेळी एकच पाय, भाऊ! सामान विसरू नका!"

"सामान मीच आहे, काका!"

"काच काढू या का परत?" काकांनी भीत भीत विचारलं.

ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते आपोआप खुर्चीत बसले. एकदा बसलेलं रबर परत काढताना काय काय होतं ते तिला ठाऊक होतं. तिने साबणाच्या पाण्याची बादली उचलली आणि न बोलता भावाच्या पोटावर, पाठीवर, दाराच्या चौकटीवर ओतली. डबल किंचाळला. फेस झाला. तो थोडा सरकला. कंबरेपर्यंत बाहेर आला आणि तिथे घोडं अडलं. तोंड आभाळाकडे, पाठ फुटपाथकडे, पाय आत. रेटा द्यायला टेकू हवा म्हणून तो आत पायाने चाचपू लागला. आणि त्याला मस्त, थंड, गुळगुळीत, पक्का टेकू सापडला.

ताईने बघितलं. नव्या काचेवर, बरोबर मधोमध, भावाची टाच.

तो रेटा देणार, इतक्यात ती ओरडली. "बाळ्या! पाय!"

सगळी गल्ली बघायला वळली. काका खुर्चीतून अर्धे उठलेले. आणि उलट्या लोंबणाऱ्या डबलच्या फेसाळ तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"बोललीस," तो म्हणाला. "तायडे, तू आधी बोललीस!"

"पाय काढ आधी!"

"म्हणजे टीपॉय कोणी फोडलं?"

"बाळ्या, शेवटची काच आहे रे ती!"

"ते मला माहीत आहे." काचेवर त्याच्या पायाचा अंगठा तबल्यासारखा वाजला. टिक. टिक. "पातेलं कोणी ठेवलं?"

भिंतीवरचं वाक्य ताईच्या पाठीमागे होतं, पण ते तिला मानेवर जाणवत होतं. दात ओठ खाऊन ती म्हणाली, "मी."

"काकांना ऐकू नाही आलं."

"मी! मी ठेवलं, मी फोडलं, गल्लीला ऐकू गेलं, आता पाय काढतोस की कापू?"

पाय निघाला. पण टेकू गेला तसा डबल परत आत घसरायला लागला आणि त्याचा विजय तिथेच संपला. "तायडे, मी जातोय गं! ओढ!"

ताई दुसऱ्या बाजूने गाडीत शिरली, स्टिअरिंगखालून वाकली आणि त्याच्या पायाखाली स्वतःचा खांदा दिला. "दे इथे पाय. रेट."

"तुझ्यावर?" डबल गोंधळला. "तू ताई आहेस."

"मघाशी काचेवर दिलास तेव्हा कुठे गेली होती अक्कल? रेट म्हणते ना!"

त्याने रेटलं. ओल्या साबणाची वडी हातातून सुटते तसा तो दारातून सुटला, थेट काकांच्या खुर्चीवर, आणि खुर्चीचे पाय चार दिशांना गेले. काका फेसात बसून म्हणाले, "शेवटचा स्टॉप!"

ताई खांदा चोळत बाहेर आली. आधी काच बघितली. चष्मा काढला, पदराने पुसला, आम्ही तिला ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदा, आणि परत बघितली. ओरखडा नाही.

डबल कानातला साबण काढत होता. हळूच म्हणाला, "तायडे, एक सांगू? पातेलं खाली ठेवून मी बसलो होतो त्या टीपॉयवर. थोडासा."

"माहीत आहे मला."

"मग इतके दिवस माझ्याशी बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

"थोडासा बसलो होतो गं."

"तू थोडासा बसूच शकत नाहीस, बाळ्या!"

आणि मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. बूड की पातेलं, पातेलं की बूड, पण या वेळी तोंडावर, थेट, मधे कोणी नाही. काका गाडीत बसले, नव्या काचेतून दोघांना भांडताना बघितलं, स्वच्छ दिसलं, आणि खूश होऊन निघून गेले.

भिंतीवरचं वाक्य आजही आहे. फक्त मधे एक शब्द दाटीवाटीने घुसवलाय. 'आमच्या हातून गाडीची काच फुटत नाही.' अक्षर डबलचं आहे, रंगाचा डबा ताईने धरला होता.

आता तुमचं. तुम्ही ड्रायव्हरच्या शेजारी बसता, चपला काढता, आणि पाय लांब करून समोरच्या काचेवर टेकवता. मला माहीत आहे, मी रस्त्यावरच उभा असतो. त्या काचेमागे कोणाचा तरी अंगठा आहे, कोणाचा खांदा आहे आणि एका बाईने सगळ्या गल्लीसमोर गिळलेला अभिमान आहे. तेव्हा कृपा करून पाय खाली घ्या.