दहापैकी नऊ गृहिणी

मॅनेजरचा माझ्यावर पहिल्या दिवसापासून राग होता, आणि माझाही त्याच्यावर. एकोणीसशे पन्नासच्या दशकात अंधेरीच्या एका रॉकेलच्या स्टोव्हच्या कारखान्यात मी नोकरीला होते. ऑफिसात मी एकटीच बाई, त्यातून गणितात पदवी घेतलेली. तो मला चारचौघांत ‘पंडिता’ म्हणायचा.

एकदा त्यानं जाहिरातीचा मजकूर माझ्यापुढे टाकला. ‘दहापैकी नऊ गृहिणी आमच्या स्टोव्हवर खूश!’

“हे नऊ कुठून आले?” मी विचारलं.

“दुकानदार सांगतात. बाई, तुम्ही टाइप करा.”

मी केलं नाही. गिऱ्हाइकांचे पत्ते असलेली गॅरंटी कार्डं पिसून त्यातली बारा काढली आणि दोन रविवार घाटकोपर-मुलुंड पायाखाली घातलं. सात जणी खूश होत्या. पाच जणींनी मला दारातच शब्दांनी झोडपलं. एक मालवणी बाई तर स्टोव्हच घेऊन अंगावर आली. “ह्यो तुमचो स्टोव्ह घेवन जावा! बर्नरात पिन मारून मारून माजी बोटां काळी पडली!”

सोमवारी मी हिशेबाचा कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवला.

“तुमचं वाक्य खरं असेल, तर बारा घरांत एखाददुसरी बाई नाराज निघावी. पाच किंवा त्याहून जास्त निघणं हजारातून चारदा घडेल. ते नेमकं माझ्याच वाट्याला आलं म्हणता?”

“तुम्ही भांडकुदळ बायका वेचून काढल्यात.”

“मग कार्डं तुम्ही काढा. मी बरोबर येते.”

सगळं ऑफिस कान टवकारून बसलं होतं. त्याला नाही म्हणता येईना.

त्यानं स्वतः बारा कार्डं काढली. या वेळी सहा जणी नाराज निघाल्या. नाहूरच्या एका घरात म्हातारीनं स्टोव्ह त्याच्यासमोर ठेवला. “पेटवून दाखवा.” त्यानं ऐटीत पंप मारला, काडी लावली, आणि असा भडका उडाला की त्याची एक भुवई जळाली. मी हसले. हसायला नको होतं, पण हसले.

आठवड्यानं जाहिरात छापून आली. ‘असंख्य गृहिणी आमच्या स्टोव्हवर खूश!’ आकडाच काढून टाकला होता. ‘असंख्य’ खोटं ठरवायचं कुठलंही गणित मला येत नव्हतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. त्याच दिवशी माझी बदली गोदामात झाली, खोक्यांवर चिठ्ठ्या डकवायला.

मी तिथं चार महिने काढले. खोकी बाहेर जात, त्यातले किती स्टोव्ह परत येतात ते मी रोज लिहून ठेवी. ती वही एक दिवस माझ्या टेबलावरून नाहीशी झाली. मी मॅनेजरच्या खोलीत जाऊन राजीनामा दिला.

“कारण काय लिहू?” त्यानं विचारलं.

“तुम्ही,” मी म्हणाले.

पुढे मी बोरिवलीच्या शाळेत गणित शिकवलं. त्या माणसाला मात्र अजून माफ केलेलं नाही.