अकरा अनारसे आणि सहा महिने

२२ एप्रिल २०२३, शनिवार. अक्षय्य तृतीया. सकाळी दहाला डमडम मेट्रोबाहेर मागे येणाऱ्या पार्सलच्या व्हॅनने मनोहरभाऊजींना पाडले. उजवे मनगट मोडले. व्हॅनचा नंबर मागच्या पानावर. पोलिसांत तक्रार दिली. प्लास्टर घातले. आंब्याचे खोके शाबूत. आमरस केला. भाऊजींनी डाव्या हाताने तीन वाट्या संपवल्या.

श्यामलाबाईंच्या डायरीत सगळं असंच असायचं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने आठवीत शिकवलं होतं, आधी तारीख, मग घटना, आणि जागा उरली तर भावना. चौऱ्याहत्तर वर्षांच्या झाल्या तरी जागा काही उरली नव्हती.

मनोहर हा त्यांचा धाकटा दीर. श्यामलाबाईंचे यजमान प्रभाकर खिदिरपूरला कस्टम्समध्ये होते, त्यांच्या मागोमाग मनोहर बँकेच्या बदलीवर कोलकात्यात आला आणि बदल्या संपल्या तरी इथेच राहिला. आता प्रभाकर नव्हते, मनोहरची बायकोही नव्हती. श्यामलाबाई वर, मनोहर खाली, अशी दोन घरं डमडमच्या एकाच इमारतीत, आणि जेवण वर.

मनोहरचा एक नेम होता. कुठलंही काम मुदतीच्या शेवटच्या दिवशी करायचं. लाइटचं बिल शेवटच्या दिवशी, हयातीचा दाखला शेवटच्या दिवशी. आधी जाणाऱ्यांना तो 'अधीर माणसं' म्हणायचा. आणि मुदतीच्या आत एखादा मुहूर्त सापडला, तर मग त्याच्या आनंदाला पारावार नसे.

मनगटाचं हाड जुळलं, पण बोटं वळेनात. गणपतीत महाराष्ट्र मंडळात चाळीस वर्षं आरतीला पेटी वाजवणारा मनोहर यंदा कोपऱ्यात बसून टाळ वाजवत होता, तोही डाव्या हाताने. दुसरी शस्त्रक्रिया केली तर बोटं मोकळी होतील, असं डॉक्टर म्हणत होते. तो खर्च पेन्शनीत बसणारा नव्हता. तो यायचा व्हॅनच्या विम्याकडून, आणि त्यासाठी दावा दाखल करायला हवा होता. एस्प्लनेडच्या शंतनुबाबू वकिलांनी मे महिन्यातच बजावलं होतं, "दादा, अपघातापासून सहा महिने. हॉस्पिटलचे कागद घेऊन या, सही करा, बाकी मी बघतो."

"सहा महिने!" मनोहर परत येताना टॅक्सीत म्हणाला होता. "म्हणजे भरपूर."

ऑक्टोबरच्या चार तारखेला, भात कालवता कालवता श्यामलाबाईंनी विचारलं, "भाऊजी, त्या दाव्याचं काय?"

"ठरलंय, वहिनी. दिवाळीचा पाडवा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. पडलो अक्षय्य तृतीयेला, तोही मुहूर्तच. मुहूर्ताचं उत्तर मुहूर्ताने!"

"आणि सहा महिने?"

"मोजा की." त्याने डावा हात पुढे केला आणि अंगठा पेरांवर फिरवला. "वैशाख ते ज्येष्ठ एक. आषाढ दोन, श्रावण तीन, भाद्रपद चार, आश्विन पाच, कार्तिक सहा. कार्तिक शुद्ध तृतीयेला मुदत संपते. पाडवा प्रतिपदेला. दोन दिवस हातात ठेवून जातोय. बँकेत उगाच नाही छत्तीस वर्षं काढली."

श्यामलाबाईंनी ताक वाढलं. तो खाली गेल्यावर डायरी काढून त्यांनी एप्रिलपासून पानं उलटली, जुलैत थांबल्या, आणि तोंडाला पदर लावून एकट्याच हसल्या.

मग हसू थांबलं. बावीस ऑक्टोबरला सहा महिने संपत होते, आणि ती दुर्गापूजेची अष्टमी होती. त्या दिवसांत या शहरात कोर्टाचं दार कोण उघडणार? पण भाऊजींना 'चुकलात' म्हणावं, तर ते पंचांग घेऊन रात्रभर वाद घालतील आणि सकाळी म्हणतील, पितृपक्ष चालू आहे, आता कुठे जायचं. या माणसाला हलवायला एकच गोष्ट उपयोगी होती. शेवटचा दिवस.

सकाळी त्यांनी जिन्यातूनच हाक मारली. "भाऊजी, तुमच्या पेटीचा भाता फाटलाय ना? एस्प्लनेडला एक पेटीवाला आहे म्हणे. पूजेआधी काम घ्यायचा आज शेवटचा दिवस."

"आज शेवटचा?" खालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! किती वाजेपर्यंत?"

"एक."

साडेदहाला दोघं टॅक्सीत होते. पेटी मध्ये, आणि श्यामलाबाईंच्या मांडीवर फुगलेली पिशवी.

"त्यात काय?"

"माझं विणकाम."

विणकामाच्या खाली हॉस्पिटलची फाइल होती आणि फाइलीच्या खाली डायरी. एस्प्लनेडला एका जुन्या इमारतीसमोर त्या उतरल्या. ड्रायव्हरने पेटी दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली. दारावर शंतनुबाबूंची पाटी होती.

मनोहरने पाटी वाचली. पेटीकडे पाहिलं. मग वहिनींकडे.

"पेटीवाला वकिलीही करतो वाटतं?"

"पेटीवाला पलीकडच्या गल्लीत आहे. नीट विचारून ठेवलंय," श्यामलाबाई म्हणाल्या. "चला आत, जिन्यात तमाशा नको."

शंतनुबाबूंनी चहा मागवला आणि पेटीला टेबलाशेजारी जागा करून दिली. मनोहरने आल्या आल्या पाडव्याचा बेत हिंदीत ऐकवला आणि पेरं पुन्हा मोजून दाखवली. वकील आ वासून बघत राहिले. वैशाख-कार्तिक त्यांना कळत होते, हिशेब कळत नव्हता.

"भाऊजी," श्यामलाबाई मराठीत, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "श्रावण यंदा किती होते?"

"किती म्हणजे? एक."

त्यांनी डायरी काढली आणि चष्मा लावला. "तीस जुलै, रविवार. अधिक श्रावण. सानिका आणि जावई सलील जेवायला. जावयाच्या वाणासाठी तेहेतीस अनारसे केले. चव बघतो म्हणून भाऊजी अकरा खाऊन गेले. वाणात बावीस अनारसे आणि अकरा बत्तासे दिले. सलीलला कळले नाही."

मनोहर खुर्चीत जरा सरकला. "अकरा नसतील."

"हवं तर सलीलला फोन लावते."

"नको, नको!"

"मग महिना आठवला? अनारसे पोटात गेले, महिना तेवढा गळला. तुमचे सहा महिने सात झाले, भाऊजी."

वकिलांसाठी हे सगळं पुन्हा हिंदीत सांगावं लागलं. ते इतके हसले की चहा बशीत सांडला. मग गंभीर होऊन म्हणाले, "दादा, कायद्याला तिथी कळत नाही. बावीस एप्रिल ते बावीस ऑक्टोबर, बस्स. पूजेची सुट्टी मध्ये आली म्हणून कदाचित वाद घालता येईल, पण वाद कशाला हवा? पाडव्याला आला असतात, तर विमा कंपनीने तुमचं मनगट बघण्याआधी कॅलेंडर काढलं असतं. आज सही करा, उद्या दाखल करतो."

मनोहरचा चेहरा उतरला. मग जुनी ढाल पुढे आली. "पण वहिनी, पितृपक्षात?"

"मुद्दाम पितृपक्षातच. तुमचे दादा कस्टम्सचे. मुदत टळलेला कागद दिसला की जेवायचे नाहीत. या पंधरवड्यात त्यांना खूश करायचं असेल, तर खिरीपेक्षा ही सही करा."

मनोहरने पेन उजव्या हातात घेतलं. बोटं पेनाभोवती वळेनात, तेव्हा डाव्या हाताने ती एकेक करून वळवली. सही झाली. म अर्धवट, न ओळीखाली उतरलेला. छत्तीस वर्षं लोकांच्या सह्या पडताळणारा माणूस स्वतःच्या सहीकडे बघत बसला.

"हा चेक मी परत पाठवला असता," तो हळूच म्हणाला.

"आम्ही नाही पाठवणार," शंतनुबाबू कागद ओढून घेत म्हणाले. "आमच्यासाठी हा पुरावा आहे."

वकिलांचा शिपाई पेटी घेऊन जिना उतरत असताना मनोहरने तिच्यावर हात ठेवून विचारलं, "आणि पेटीवाल्याचा शेवटचा दिवस?"

"तो तसा पुढच्या बुधवारी आहे."

"म्हणजे मी सहा दिवस आधी आलो?" त्याला खरंच धक्का बसला होता. "वहिनी, हे कुणाला सांगू नका. आणि डायरीत तर मुळीच लिहू नका."

पेटी पलीकडच्या गल्लीत टाकून दोघं घरी आले. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून श्यामलाबाई डायरी घेऊन बसल्या. मनोहर मान वाकडी करून समोर उभा होता, काय लिहितायत ते बघायला. त्यांनी तारीख घातली, जरा थांबल्या, आणि त्याला दिसेल अशा मोठ्या अक्षरात लिहिलं:

५ ऑक्टोबर २०२३, गुरुवार. अनारशांसाठी एक किलो तांदूळ भिजत घातले. तीन दिवस पाणी रोज बदलणे.