उपासाला चालणारी पावडर

घाटकोपरच्या डोंगराला टेकून उभ्या असलेल्या एका चाळीत मी भाडोत्री म्हणून राहायला गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. खोली एका विधवा बाईची. नात्यातली नव्हे, आमच्या बाजूची, मालवणकडची, एवढंच. मी तिला काकी म्हणायचो. पोटमाळा माझा आणि खालची जागा तिची. तिचा नवरा गिरणीत होता, तो संपाच्या आधीच गेला. मुलगा गल्फला. ती चार गुजराती घरांत स्वयंपाकाला जायची आणि माझ्या भाड्यावर उरलेलं भागवायची.

मी साकीनाक्याला एका वर्कशॉपात लेथवर होतो. लेथच्या आवाजात बोलायची सोय नव्हती, आणि सुटल्यावर बोलायला कोणी नव्हतं. मी तसा तिरसटही. कोणी आपणहून विचारलं तर तुटक उत्तर द्यायचं, आणि नाही विचारलं तर मनातल्या मनात रुसून बसायचं, असा माझा स्वभाव. कित्येक दिवस असे गेले की काकीचं "इलंस काय रे?" आणि माझं "हो" एवढंच बोलणं झालं. त्या दोन शब्दांसाठी मी घरी येत होतो, हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. पण मी फार एकटा होतो, हे आता सरळच सांगतो.

व्यायामशाळेत गेलो तोही त्यामुळेच. सकाळी सहाला पत्र्याच्या शेडमध्ये पंधरावीस पोरं वजनं उचलायची. तिथे न बोलता माणसांत उभं राहता यायचं, हे मला बरं वाटायचं. बोलायचे ते उस्ताद. तीन महिने त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग एक दिवस माझा दंड चिमटीत धरून म्हणाले, "लोखंड उचलतोस ते दिसतंय रे. पण पोटात काय टाकतोस? आत माल नाय तर बाहेर काय दिसणार, घंटा?"

कोणीतरी आपल्याकडे नीट पाहिलं, याचा मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी मी प्रोटीनच्या मागे लागलो.

स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात काचेच्या कपाटात पत्र्याचे डबे होते. कपाटाला कुलूप. मी किंमत विचारली. दुकानदाराने आधी माझ्या चपलांकडे बघितलं, मग किंमत सांगितली. त्या डब्यासाठी मला अर्धा महिना उपाशी राहावं लागलं असतं, म्हणजे डब्याचा उपयोगच काय! मग मी स्वस्तातले मार्ग शोधायला लागलो. सुटी दुधाची पावडर आणली, तिच्या गुठळ्या दातांत अडकायच्या. सोयाबीनचं पीठ आणलं. त्याने पोट असं काही बिघडलं की वर्कशॉपात माझ्या शेजारच्या माणसाने मशीन बदलून मागितलं. फुटाण्याचं पीठ बरं होतं, पण ते दुधात कालवलं की भिंत लिंपायला घेतल्यासारखं दिसायचं. शेवटी मी अंड्यांवर येऊन थांबलो. रोज चार उकडलेली अंडी. स्वस्त, आणि काकी पाणी तापवायची त्यातच उकडून द्यायची. दंडाला थोडा आकार आला. उस्ताद म्हणाले, "झकास."

एवढ्यात श्रावण आला.

आम्ही मच्छी खाणारी माणसं, पण श्रावण म्हणजे श्रावण. घरी आई चुलीवरची मडकीसुद्धा बदलायची. काकीने गटारीला कोंबडीचं सुकं केलं, मला पोटभर वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी भांडी राखेने घासून घासून फळीवर उपडी घातली. म्हणाली, "आता गणपती पोचवल्याशिवाय घरात अंडा नाय हां." मला ते मान्यच होतं. बाहेर गाडीवर भुर्जी खाता आली असती, पण तिच्या छपराखाली राहून बाहेर चोरून खायचं हे माझ्या मनाला पटेना.

त्या वर्षी तिचा श्रावण नेहमीपेक्षा कडक होता. मुलाचं पत्र दिवाळीपासून आलं नव्हतं. आधी महिन्याला एक यायचं, मग दोन महिन्यांनी एक, मग बंदच. ती कोणाजवळ रडली नाही. डोंगरावरच्या शंकराला मात्र तिने सांगितलं होतं, की महिनाभर मी काही बाटवणार नाही, सगळे सोमवार धरीन, तू गणपतीच्या आत त्याचं पत्र पाठव. हे तिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं, एखाद्या दुकानदाराशी व्यवहार ठरवल्यासारखं. मग पोस्टमन जिन्याखाली आला की ती कठड्याला धरून उभी राहायची. तो वर न बघता पुढे गेला की पुन्हा आत.

माझी अंडी बंद झाली, आणि दंडाची काळजी सुरू झाली. व्यायामशाळेतल्या एकाने दुसऱ्या एका दुकानाचा पत्ता दिला. तिथे प्लॅस्टिकच्या पुड्यात पावडर मिळायची. पुड्यावर फुगवलेल्या दंडाचं चित्र, व्हॅनिलाचा वास, आणि किंमत डब्याच्या तिसऱ्या हिश्श्याची. मी पुडा हातात घेऊन किंमत वाचली. वजन वाचलं. दिवसाला किती चमचे ते वाचलं. मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत आणखी बरंच काही होतं, ते वाचलं नाही. पुड्यांवर हिरवा ठिपका, तांबडा ठिपका असायचे दिवस अजून यायचे होते. "दूध में डालो, दूध का ही माल है," दुकानदार म्हणाला, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं.

पहिल्या सोमवारानंतर दोन दिवसांनी काकी हंडा घेऊन जिना चढताना मध्येच खाली बसली. पाणी डोंगराच्या पायथ्याशी यायचं आणि ती पहाटे चार खेपा करायची. मी व्यायामाला जाऊन वजनं उचलायचो आणि माझ्या पाण्याचे हंडे ती उचलायची, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी हंडा वर नेला, तिला उंबऱ्यावर बसवलं, आणि माझ्यासाठी कालवलेला पेला तिच्या हातात दिला.

तिने घोट घेतला. "गोड लागता रे. काय घातलंस?"

"शक्तीची पावडर, काकी. दुधाचीच."

"उपासाक चलता मां?"

"चालते की!" मी म्हणालो. क्षणाचाही विचार न करता म्हणालो.

मग तो रिवाजच झाला. सकाळी दोन खेपा मी करायचो, दोन ती. मग मी दोन पेले कालवायचो, आणि आम्ही उंबऱ्यावर बसून प्यायचो. सोमवारी तिच्या पोटात संध्याकाळपर्यंत तेवढंच जायचं. पेला हातात असला की ती बोलायची. मुलाला लहानपणी दूध आवडायचं नाही, तो साय बोटाने काढून भिंतीला कशी लावायचा. गुजराती शेठाणी भाजीत साखर कशी घालायला लावते. एकदा हसत म्हणाली, "तुझे दंड मोठे होवक नाय, पण माझे झाले बघ!" आणि हात वाकवून दाखवला. मी मनापासून हसलो. मुंबईत आल्यापासून असं हसल्याचं मला आठवत नाही. ते तीन आठवडे माझे त्या शहरातले सगळ्यात चांगले होते. कोणाला तरी मी लागत होतो.

पुडा संपला तेव्हा श्रावण सरत आला होता. मी दुसरा आणायला गेलो. दुकानात माझ्या पुढे एक गुजराती गृहस्थ मुलाला घेऊन उभे होते. त्यांनी तोच पुडा हातात घेतला, तर दुकानदाराने तो जवळजवळ हिसकावून परत घेतला. "नको शेठ, ये आपको नहीं चलेगा. इसमें अंडा है."

मी पुडा मागून घेतला आणि उजेडात धरून मागची अक्षरं वाचली. दूध होतं, सोयाही होतं. आणि त्यांच्यामध्ये अंड्याच्या पांढऱ्याची भुकटी होती. मला इंग्रजी एवढं येत होतं. पहिल्या दिवशीही येत होतं.

"मला का नाही सांगितलं?" मी दुकानदारावर ओरडलो.

तो शांतपणे म्हणाला, "तूने पूछा किधर? तुम लोग तो मच्छी खाते हो ना."

मी पुडा परत ठेवला. परत येताना मी चाळीच्या जिन्याखाली बराच वेळ उभा राहिलो. वर जाऊन सांगायचं, असं ठरवूनच चढलो. काकी दारात होती. म्हणाली, "इलंस? बस, वाढतंय." आणि मी जेवायला बसलो. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मला कळलं की आज सांगणं होणार नाही. सांगितलं तर ती काय करील ते मला माहीत नव्हतं. कदाचित रडली असती, कदाचित सामान बाहेर काढलं असतं. पण मला खरी भीती वेगळीच होती. उद्यापासून ती "इलंस काय" विचारायची नाही, याची. बाकी कोणी विचारणारं मला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुधाचा पेला पुढे केला. "आज पावडर नाय?"

"संपली. महाग झालीय आता."

"ऱ्हवांदे. नुसता दूध पण चलात."

पण नुसत्या दुधाचे दोन पेले घेऊन उंबऱ्यावर बसणं मला जमेना. मी व्यायामाहून उशिरा यायला लागलो. दोन खेपांचं पाणी मात्र भरत राहिलो. तिला वाटलं माझं काहीतरी बिनसलं आहे, आणि ती माझ्यासाठी जास्तच भात वाढायला लागली.

गणपती आले. पोस्टमन रोज येत होता. शेजारच्या खोलीत गल्फहून मनीऑर्डर आली, पत्र आलं, एक कॅसेटही आली. आमच्याकडे काही नाही. गणपती गेले. तिसऱ्या दिवशी काकीने बाजारातून बांगडे आणले, तिरफळं घालून तिखलं केलं, आणि मला पहिलं वाढलं. स्वतः ताटावर बसली, पण घास उचलेना.

"माझाच खयतरी चुकला," ती म्हणाली.

मी बांगड्याचा काटा काढत राहिलो.

"मियां रोज रात्री आठवतंय, खय चुकला, खय चुकला. काल आठवला. दुसऱ्या सोमवाराक शेठाणीकडे भाजयेचा मीठ चाखलंय. जिभेर टेकवलंय नुसता, गिळूक नाय. सवय रे हाताची." तिने माझ्याकडे पाहिलं. "तेचाच झाला असात मां?"

आता सांगायचं होतं. काकी, तुझं नाही, माझं चुकलं. तू विचारलं होतंस, मी न वाचता हो म्हणालो. एवढी दोन वाक्यं. ती माझ्यावर चिडली असती, पण स्वतःवर चिडायची थांबली असती. मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की ती उत्तराची वाट बघते आहे, आणि कुठलं तरी एक उत्तर तिला हवंच आहे.

"असेल," मी म्हणालो. "तेच असेल, काकी."

तिने मान हलवली आणि जेवायला लागली. कारण सापडल्यामुळे तिला थोडं बरंही वाटलं असावं. मला वाटलं, चला, संपलं. किती नीच विचार होता तो, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

त्या दिवसापासून काकीने दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक चाखणं सोडलं. सोमवारीच नव्हे, कुठल्याच दिवशी नाही. वीस वर्षं जिभेवर स्वयंपाक करणारी बाई, ती आता अंदाजाने मीठ टाकायला लागली. कधी कमी पडायचं, कधी दुप्पट. दिवाळीच्या आधी शेठाणीने तिला येऊ नको म्हणून सांगितलं, मग आणखी एका घराने. ती घरी येऊन म्हणाली, "म्हातारी झालंय मी, हात ऱ्हवलो नाय," आणि पोळपाट धुवायला घेतला.

मी तिथेच जेवत होतो. तिने वाढलेल्या आमटीत मीठ अजिबात नव्हतं. मी ती तशीच भुरकली, आणि बरी झालीय म्हणालो.