ताडपत्रीवरचं पिवळं ठिगळ

खिडकीची एक काच पुसून झाली होती. दुसरीला हात घालणार तेवढ्यात लक्षात आलं, की खाली वन्संचं शिलाई मशीन बंद आहे. एरवी आमच्या घरासमोर ट्रकांचा असा कल्लोळ असतो, की मशीन चालू काय नि बंद काय, पत्ता लागत नाही. पण आज सकाळपासून जड गाड्या गावाबाहेरच्या नव्या रस्त्याने वळवल्या आहेत. झाला एकदाचा. सकाळी देवापुढे बसले तर माझेच शब्द मला ऐकू आले. किती वर्षं मी हेच मागत होते, आणि मिळालं तर जीव कशात म्हणून लागेना. फडकं खिडकीतच ठेवून खाली गेले.

वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, तळमजल्यावर ताडपत्र्या शिवतात. ट्रकमधल्या मालावर घालायचं ते जाड कापड. यजमान गेल्यावर दुकान बंद होईल असं सगळ्यांनी धरलं होतं. वन्संनी दाभण उचललं, मेणाचा दोरा ओवला, आणि फरशीवर पसरलेल्या ताडपत्रीच्या मधोमध मांडी घालून बसल्या त्या बसल्याच. हात असा घट्ट, की मी एकदा हौसेने पडदा शिवायला दिला, तो अजून वादळातसुद्धा हलत नाही, असं हे सांगत सुटतात.

त्यांचा एकुलता एक मुलगा, आमचा भाचा, ट्रक चालवतो. बायकामुलांना घेऊन लांब, मालकाच्या गोदामाजवळ राहतो. तिथून माल भरतो आणि आमच्याच दारावरून बंदराला जातो. पण दारात थांबायची सोय नाही. मालकाने गाडीत यंत्र बसवलंय. गाडी उगाच उभी राहिली की तिकडे समजतं आणि लगेच फोन. गर्दीत अडकली तर मात्र कोण काय बोलणार? आणि आमच्या चौकात गर्दी नाही, असं कधी झालंच नाही.

तर आमची एक रीतच पडून गेली होती. मी वरून खिडकीतून त्याची गाडी हेरायची आणि फरशीवर पाय आपटायचा. वन्सं एका हातात डबा, दुसऱ्या हातात दाभण घेऊन थेट रस्त्यात. मागचा ट्रकवाला हॉर्न मारायला लागला की त्याला म्हणायच्या, "थांब रे बाबा, ताडपत्री उसवलीये. माल सुटला तर तुझ्याच काचेवर येईल." तो बिचारा गप्प. मग गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर, बरोबर केबिनच्या मागे, एक टाका घालता घालता मायलेकांचं बोलणं व्हायचं.

"आई, गाडीतल्या मालापेक्षा तुझी ठिगळं जड झाली."

"ते राहू दे. गाल का बसलेत ते सांग."

"फोनवर सांगितलं ना, नीट जेवतो म्हणून."

"फोनला काय, तू काहीही सांगशील. इकडे बघ जरा."

गाड्या हलल्या की त्याही बाजूने चालत औषधाच्या दुकानापर्यंत जायच्या. त्या कोपऱ्यावर त्यांनी एक मोठं पिवळं ठिगळ लावून ठेवलं होतं. तेवढं पिवळं दुसऱ्या कुठल्याही ट्रकवर नव्हतं. लांबून ओळखायला मला तेच उपयोगी पडायचं.

नव्या रस्त्याची खबर आमच्याकडे रोज जेवताना यायची, कारण ह्यांचं संध्याकाळचं फिरणं तिकडेच असे. आज भराव ओढ्यापर्यंत आला. आज खडी पडली. मधे ठेकेदार काम टाकून निघून गेला तेव्हा हे म्हणाले, "घ्या, आता हा रस्ता नातवंडं बघतील." त्या दिवशी वन्संनी हसत हसत दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मला वाटलं, भूक लागली असेल. खरं काय ते कळायला पुढचा ठेकेदार यावा लागला. रोलर पुन्हा सुरू झाला असं ह्यांनी सांगितलं, आणि वन्संचा घास हातातच राहिला. "किती राहिलाय अजून?" एवढंच त्यांनी विचारलं, आजारी माणसाची चौकशी करावी तसं.

तेव्हापासून माझी प्रार्थना अडायला लागली. रस्ता होऊ दे म्हणावं तर वन्संचं तोंड डोळ्यांसमोर. नको होऊ दे म्हणावं तर शेजारचे आजोबा, धुराने रात्रंदिवस खोकणारे. शेवटी, तुला सगळं माहीत आहे, एवढंच म्हणून मी उठायची.

आज खाली गेले तर वन्सं चपला घालून, डबा घेऊन तयार. "नव्या रस्त्यावर जाते. तो दुपारी बंदराकडे जायचाय. येतेस तर चल."

गेलो दोघी. आमच्या जुन्या रस्त्यावर औषधवाला दाराबाहेर खुर्ची टाकून बसला होता, आणि आजोबा चक्क रस्त्याच्या मधून, काठी टेकत, सावकाश चालले होते. पंक्चरवाला तेवढा हात बांधून रिकामा उभा. मी नमस्कार केला तर म्हणाला, "बघा वहिनी, आता माझी हवा गेली."

नवा रस्ता उंच भरावावर आहे. धापा टाकत चढलो आणि लोखंडी कठड्याला धरून उभ्या राहिलो. ताज्या डांबराचा वास, पांढरे पट्टे, आणि मधोमध छातीएवढी सिमेंटची भिंत. गाड्या अशा जात होत्या, की एकीकडे बघेपर्यंत दुसरी गेलेली.

"आली," वन्सं म्हणाल्या.

पिवळं ठिगळ मलाही दिसलं. पण भिंतीच्या पलीकडे. जुन्या रस्त्याला बाजू अशी नव्हतीच. ज्याला जिथे फट मिळेल तिथून तो जायचा, आणि येताना काय, जाताना काय, दारावरूनच जायचा. इथे जाणाऱ्याची बाजू वेगळी असेल, हे आम्हा दोघींच्या ध्यानीमनी नव्हतं. वन्संनी डबा डोक्याच्या वर धरला. तो मान वळवून त्याच्या बाजूच्या कठड्याकडे बघत होता. गाडी जरा हळू झाली, आणि गेली.

वन्संनी डबा खाली घेतला. मग म्हणाल्या, "गाडी धुतलीये त्याने. पाहिलंस?"

संध्याकाळी फोन आला. वन्संनी तो मोठ्या आवाजावर लावला.

"आई, मी बघत होतो गं. तू नव्हतीस."

"होते. पलीकडे होते."

"परवा परत येईन तेव्हा तुझ्या बाजूने असेन. पण थांबता नाही यायचं."

"कोण म्हणतंय थांब? जाता जाता बघ, झालं."

"वेगात चेहरा कळत नाही, आई. कठड्याला बरीच माणसं उभी होती."

वन्संनी कापडांच्या ढिगाकडे पाहिलं. "पिवळं कळेल?"

"पिवळं कळेल."

डबा आम्ही तिघांनी वाटून खाल्ला. हे म्हणाले, "झेंडा शिवतेस का, ताई?"

"अंगरखा शिवते. झेंडा धरून हात भरून येतो."

दाभणात दोरा ओवून ठेवलाय, पण पिवळं कापड शिल्लक नाही. शेवटचा तुकडा त्याच्याच गाडीवर गेला. दुसरी काच अजून तशीच आहे, ती नंतर. उद्या बाजार उघडला की मला ताडपत्रीच्या कापडाच्या दुकानात जायचंय, वन्संसाठी पिवळं कापड आणायला.