घोडपदेवमधला खोटा क्लाउड

घोडपदेवच्या आमच्या खोलीत मी घरून काम करू लागले, तेव्हा बाबांना एवढंच सांगितलं होतं की आमच्या ऑफिसचं सगळं क्लाउडवर, म्हणजे लांब कुठेतरी ठेवलेल्या भाड्याच्या कॉम्प्युटरांवर चालतं. गिरणीत जन्म काढलेल्या बाबांनी ते मान्य करून टाकलं.

मग साहेबांनी फर्मान काढलं, खऱ्या क्लाउडवर प्रयोग बंद. प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवरच त्याची नक्कल उभी करायची आणि काय मोडतोड करायची ती तिथे. सकाळपासून मी तेच करत होते. नक्कल सुरू व्हायची आणि मिनिटभरात मान टाकायची. लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घरघरत होता.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "काय करतंस गो?"

"खोटा क्लाउड बनवतेय," मी मान वर न करता म्हणाले. "आपण खऱ्याशीच बोलतोय असं प्रोग्रॅमला वाटलं पाहिजे."

बाबा उठले. चपला घालून बाहेर गेले आणि आले ते शेजारच्या काकांना घेऊन. काका निवृत्त हवालदार.

काका स्टुलावर बसले. "बेटा, कोणाचा दबाव आहे का तुझ्यावर?"

हसू दाबत मी समजावून सांगितलं. त्यांना पटेना. "दाखव."

नेमकी तेव्हाच नक्कल चालू झाली होती. मी त्यांच्या मोबाइलमधला एक फोटो मागून घेतला. त्यांनी स्वतः निवडून आणलेल्या सुरमईचा होता. तो आमच्या खोट्या क्लाउडमध्ये टाकून दाखवला. काका खूश झाले. एवढ्यात नक्कल पुन्हा बंद पडली. मी ती परत सुरू केली, तर आत सगळं कोरं.

"सुरमई कुठे गेली?"

"बंद पडली की सगळं पुसलं जातं, काका. ते तसंच असतं."

काकांनी बाबांकडे पाहिलं. "पुरावापण नष्ट होतो."

बाबा पलंगावर बसले. माझ्या नोकरीचं आता काही खरं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी मुद्दाम स्पीकर लावला.

"झाला का तुझा खोटा क्लाउड चालू?"

"सारखा बंद पडतोय, सर."

"ब्राउझरच्या खिडक्या बंद कर. मेमरी पुरत नसेल."

छत्तीस खिडक्या उघड्या होत्या. त्या बंद केल्या आणि नक्कल शहाण्यासारखी चालू राहिली.

काका उठले. "साहेबच सामील आहेत म्हटल्यावर आपण काय बोलणार?"

बाबांचा जीव मात्र भांड्यात पडला. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या मजल्याला सांगून टाकलं, की आमची पोरगी खोटं काम करते, पण ऑफिसच्या परवानगीने.