उजेडात माल बघणारे दाजी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक, कारभारी नाव त्यांचं, भोकरदनच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मधला मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणायचा आणि तोंड वाकडं करायचं. "ओल हाये." "शेवटच्या वेचणीची फरदड मिसळली." "रंग फिक्का." खोट काढली की भाव खाली येतो, एवढंच त्यांचं शिक्षण. नोकरी संपून वर्षं झाली, पण वाकडं झालेलं तोंड काही जागेवर आलं न्हाई. भाकरी पण आधी दाराकडं धरून बघतात आणि मंग तुकडा मोडतात.

उजेड ही त्यांची आणखी एक भानगड. कापूस दिव्याखाली बघायचा न्हाई, दिव्याखाली पिवळा माल बी पांढरा दिसतो, असा त्या धंद्यातला नियम. नियम कापसापुरता होता. दाजींनी तो उभ्या जगाला लावला. साडी घ्यायची तर दुकानाच्या बाहेर रस्त्यावर नेऊन उलगडणार. आमच्या अक्काला बघायला आमच्या माहेरी पिंपळगाव रेणुकाईला आल्ते, तेव्हा आम्ही पाट मांडला, रांगोळी काढली, आणि हे म्हणाले, "पोरगी जरा अंगणात आणा." ऐन दुपारी उन्हात उभी केली तिला. मी तेव्हा परकर-पोलक्यात होते, पण आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. पसंत केली, पण निघता निघता बोललेच, "बराबर हाये, पण डोळ्यात ओल लई."

ह्या चैत्रात अक्का न्हाणीत घसरली आणि कमरेचं हाड पिचलं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लागणार न्हाई, पण दीड-दोन महिने पाठीवर पडून राहायचं, उठून बसायचं नाव काढायचं न्हाई. माझ्या अंगणवाडीला सुट्टी लागली तशी मी तिच्याजवळ येऊन राह्यले. आणि वैशाखात अर्पिताचं लग्न. अर्पिता म्हणजे अक्काची नात, जालन्याला मस्तगडात दिलेल्या लेकीची, तृप्तीची पोरगी. दहावीपर्यंत आजीजवळच वाढली. तिची वेणी घातल्याशिवाय अक्का सकाळचा चहा घेत नसे. पोरगी रडून म्हणत होती, तारीख पुढं ढकला. अक्कानं पडल्या पडल्या दम भरला, "तारीख हलवली तर मला तोंड दाखवू नको." आणि मंग भिंतीकडं मान फिरवून स्वतःच रडत बसली.

फोटोवाला लग्न मोबाईलवर लाईव्ह दाखवणार होता. पण अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोबाईलवर तिला माणसं मुंग्यांएवढी बी दिसत न्हाईत. टीव्ही काही तिच्या तोंडावर उलटा टांगता येत न्हाई. तेव्हा तृप्तीनं युक्ती काढली. छोटा, स्वस्तातला प्रोजेक्टर मागवायचा, पलंगाजवळ स्टुलावर तोंड वर करून ठेवायचा, आणि लग्न सरळ स्लॅबवर. अक्काचा चेहरा असा काही उजळला, विचारू नका. म्हणली, "तिच्या डोक्यावर अक्षता पडताना एवढं बघू द्या. दुसरं मला काही नको."

ह्यात काही अडचण होती का सांगा. मशीन मागवायची, लावायची, बघायचं. पण दाजी म्हणाले, "तपासल्याशिवाय मशीन घरात घ्यायची न्हाई."

पहिली मशीन आली. दाजींनी ती ऐन दुपारी अंगणात नेली. चुना मारलेली पांढरीफेक भिंत, वर वैशाखाचं ऊन, आणि समोर वीतभर लांबीची ती बिचारी मशीन. मी मोबाईल जोडून दिला. अंगणवाडीची माहिती मोबाईलवर भरून भरून मला तेवढं येतं. भिंतीवर काय दिसणार? कप्पाळ. शेजारचे वसंताभाऊ डोळे बारीक करून म्हणाले, "मला हत्तीसारखं काहीतरी दिसून राह्यलं." ती शेवग्याच्या झाडाची सावली होती. खोक्यावर चित्र दोनशे इंचांचं लिहिलं होतं, म्हणून दाजींनी टेप आणून कोरी भिंत मोजली. निकाल दिला, "रंग फिक्का. परत."

परत घेतात म्हणल्यावर दाजींना स्वर्ग दोन बोटं उरला. जन्मभर ज्यांच्या मालाला नावं ठेवली, ते शेतकरी निदान तोंडावर वाद घालायचे. इथं माल घरपोच येतो, शिव्या खातो आणि मुकाट्यानं परत जातो. दुसरी मशीन आली, तिचा आवाज पिंपातून बोलल्यासारखा निघाला. तिसरीला चित्राचे कोपरे वाकडे. आणि फिक्क्या तर सगळ्याच, कारण बघायच्या सगळ्या उन्हात. कुरिअरवाला आमच्याकडं रोजचा चहा घ्यायला लागला. गल्लीतली रिकामटेकडी माणसं दुपारी भिंतीसमोर चटया टाकून बसायला लागली, आणि दाजी त्यांच्यात उभे राहून सांगायचे, की आजकाल मालात दमच राह्यला न्हाई. ज्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट सापडत न्हाई, ते बी माना हलवायचे.

एकदा कंपनीला फोन लावला. तिकडची पोरगी हिंदीत फार गोड बोलत होती. "सर, कमरे में अंधेरा कर लीजिए, फिर देखिए." दाजींचा चेहरा लाल झाला. फोन ठेवून मला म्हणाले, "ऐकलं? म्हणे अंधार करा. अंधारात दाखवायचा माल चोरीचा असतो."

मी म्हणलं, "दाजी, ही दिव्याची मशीन हाये, कापूस न्हाई. अक्काच्या खोलीत पडदा लावा अन् बघा."

"तुमाला धंद्यातलं काय कळतं?" म्हणाले आणि टेप गुंडाळायला लागले. आता ह्या माणसाशी काय बोलायचं?

अक्काला आतून सगळं ऐकू यायचं. ती रोज सकाळी मला विचारायची, "ठरली का गं एखादी?" मी म्हणायची, ठरंल. लग्न चार दिवसांवर आलं, चौथी मशीन आली आणि दाजी ती काखेत मारून पुन्हा अंगणाकडं निघाले. तेव्हा अक्कानं आतून हाक मारली. दाजी दारात थांबले.

"मला बी असंच उन्हात उभं केल्तं तुमी," ती छताकडं बघत म्हणली. "तव्हापास्नं खोटच काढून राह्यले. माझी काढा, मी कधी बोलले न्हाई. पण पोरीचं लग्न हाये ते. तेवढं फिक्कं बी चालंल मला."

मला वाटलं, आता तरी ह्यांना पाझर फुटंल. दाजींनी काखेतली मशीन सावरली आणि ते अंगणात गेले. संध्याकाळी बघते तर मशीन पुन्हा खोक्यात, वर चिकटपट्टी. "फिक्कीच हाये," एवढंच म्हणाले, पण तोंड खाली घालून. सवय लागली होती माणसाला. वस्तू बरी न्हाई असं म्हणल्याशिवाय हात मोकळे होत नव्हते.

मंग माझं टाळकं सरकलं. भल्या सकाळी उठले, मशीन काढून अक्काच्या उशाशी ठेवली आणि खोकं फाडून न्हाणीच्या बंबात घातलं. खोक्याशिवाय परत घेत न्हाईत, हे दाजींनीच मला शिकवलं होतं. त्या पाण्यानं अक्काचं अंग पुसलं. दाजींना कळलं तेव्हा त्यांनी बंबाचं झाकण उघडून राख बघितली. त्या दिवशी माझ्या हातचा चहा घेतला न्हाई. मी पण पुन्हा विचारलं न्हाई.

लग्नाला सगळी मंडळी जालन्याला गेली. दाजींना न्यायला गाडी आल्ती, नवा सदरा तृप्तीनं आधीच पाठवून दिल्ता. ते म्हणाले, "मी न्हाई येत. मशीन इथं कोण बघंल?" मला राग आला, की आता लग्न लागताना बी हा माणूस खोटच काढणार.

मुहूर्त दुपारचा. खोलीच्या खिडकीवर पडदा कसला, जुनी पातळ ओढणी होती. उजेड धो धो येत होता. मशीन लावली तर स्लॅबवर नुसता ढग. पांघरूण टांगायला खिळे ठोकावे तर खिडकी लोखंडी. वरून मधोमध पंखा. स्टूल सरकवून सरकवून अर्पिता जागेवर आणली, तर नवरदेव नेमका पंख्यावर गेला आणि गरागरा फिरायला लागला. अक्का म्हणली, "पंखा बंद कर, जावई हाये तो." वैशाखात पंखा बंद. पण उजेडाचं काय करायचं?

दाजी उठले, पलंगाखालची जाड गोधडी ओढली, खिडकीसमोर उभे राह्यले आणि दोन्ही हात वर करून ती चौकटीवर दाबून धरली. खोलीत अंधार झाला. आणि स्लॅबवर अर्पिता लख्ख उमटली. हळदीचा रंग, मुंडावळ्या, हातातला हिरवा चुडा, सगळं.

मंगलाष्टकं सुरू झाली. दाजींची आमच्याकडं पाठ. नव्या सदऱ्यावर घामाचे ओघळ. मी जवळ जाऊन म्हणलं, "दाजी, द्या, मी धरते. तुमी बघा."

"तुमचा हात पुरणार न्हाई," ते म्हणाले. खरं होतं ते. खिडकी उंच आणि मी पिटुकली.

अक्कानं मुठीतल्या अक्षता पडल्या पडल्या वर फेकल्या. त्या तिच्याच तोंडावर पडल्या, काही दाजींच्या टकलावर. त्यांनी मान थोडी वळवली, तसा गोधडीचा कोपरा सुटला आणि उन्हाची पट्टी स्लॅबवर पडली. अर्पिताचा चेहरा पुसला गेला. "उजेड, उजेड," अक्का कळवळून म्हणली. दाजींनी झटकन तोंड फिरवलं आणि तो कोपरा कपाळानं दाबून धरला.

मंग ते हललेच न्हाईत. हार घातले, टाळ्या झाल्या, पाया पडणं झालं. अक्का एकेक सांगत होती आणि ते गोधडीत तोंड घालून विचारत होते, "मंग?" मला त्या माणसाचा इतका राग येत असे, पण तेव्हा माझेच डोळे भरून आले.

शेवटी अर्पिता फोटोवाल्याजवळ आली. सगळा स्लॅब तिच्या चेहऱ्यानं भरला. आमचा आवाज तिला जात नव्हता, तरी ती विचारत होती, "आजी, दिसून राह्यलं का गं? आबा, मशीन बराबर हाये का?"

अक्काला हुंदका आला. दाजींनी खिडकीकडंच तोंड ठेवून मोठ्यानं सांगितलं, "एकदम साफ दिसून राह्यलं, बाई."